जिभेला चिकटलेला दगड

बाबा विहिरी खोदायचे. सुरगाण्याच्या डोंगरांत त्यांनी किती विहिरी खोदल्या, ते त्यांनाही आठवत नसे. त्यांच्या एका सवयीची मला लहानपणी भारी लाज वाटायची. खाली निघालेला दगड ते सदऱ्याला पुसत आणि जिभेला लावत. चिकटला तर दगड पाणी पितो, म्हणजे पाण्याला वाट आहे. नाही चिकटला तर जागा बदलायची. मैत्रिणींसमोर त्यांनी असं केलं की मला तोंड कुठे लपवू असं होई.

पुढे मीही दगडांतच शिकले. नाशिकला प्रयोगशाळेत माझं काम एकच: काळ्या घट्ट खडकाचा बोटाएवढा तुकडा स्कॅन करायचा, आतल्या बारीक पोकळ्यांचं चित्र कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि त्या चित्रातून पाणी सोडून बघायचं. खरं पाणी नव्हे, आकड्यांचं. एका बाजूने सोडायचं, दुसऱ्या बाजूला किती पोचतं ते मोजायचं.

बाबा थकले तेव्हा त्यांनी एक शेवटची विहीर मनात धरली, आमच्या वस्तीसाठी. बायका दरीतल्या झऱ्यावर उतरत, त्यांत माझी आईही होती. खोदणार वस्तीतले लोक, जागा दाखवणार बाबा. "आधी तू बघ," ते मला म्हणाले. "तुझं मशीन दगडाच्या आतलं दाखवतं."

बाबांनी दाखवलेल्या जागी मी ड्रिलवाल्याला घेऊन गेले. खालून निघालेले खडकाचे गोल दांडे पेटीत ओळीने मांडले आणि त्यांतला सगळ्यात गुळगुळीत, अखंड तुकडा उचलला. यंत्रात तसाच बसतो. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की आपण काही निवडतोय, असंही वाटत नाही.

चित्र सुरेख आलं. पोकळ्या भरपूर होत्या, पण एकीतून दुसरीत जायला वाट नव्हती. पाणी सोडलं, पलीकडे थेंबही पोचला नाही.

"बाबा, इथे पाणी लागणार नाही," मी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी पेटीतला एक तुटका तुकडा उचलला. तुटल्या जागी तांबूस डाग होता. तो त्यांनी जिभेला लावला. चिकटला.

"मग ह्याचं काय?"

"तुटके मोजता येत नाहीत," असं म्हणून मी हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

"तू शिकलेली हायस. तू म्हणतीस तर नाय." त्यांनी पेटी झाकली. विहीर खोदायची राहिली. पुढच्या थंडीत बाबा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ती पेटी मी आठवण म्हणून नाशिकला आणली. एका दुपारी सहज उघडली आणि तो डाग नीट पाहिला. गंज होता. दगडातलं लोखंड पाण्याशिवाय गंजत नाही, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हणजे तिथून वर्षानुवर्षं पाणी गेलं होतं. मी तुटलेले दोन तुकडे जसेच्या तसे जुळवून बसवले आणि स्कॅन केले. मधे केसाएवढी फट दिसली. पाणी सोडलं तर ते सरळ पार झालं. मी खुर्चीत बसून रडले.

वस्तीला सांगितलं, त्याच जागी खोदा. उन्हाळ्यात पाणी लागलं. सगळे म्हणू लागले, पोरीच्या मशीननं पाणी शोधलं. पहिला हंडा काकूने भरला. "तुझा बा म्हणला व्हता, माझी जीभ आता म्हातारी झाली, तिला हितं पाणी घावलं नाय," ती म्हणाली. "लय वाईट वाटलं व्हतं त्याला."

माझं नाव बाबांनी कुणाजवळ घेतलंच नव्हतं. मी तिथेच सगळ्यांना सांगितलं, चूक माझी होती, बाबांची जीभ बरोबर होती.

काकूने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेकीला असंच वाटायचं, बाय," ती म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. कुणालाच ते खरं वाटलं नाही.