नळाला बांधलेली दाराची बेल

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण आधी चहा ओता. कारण हा जो गाढवपणा मी सांगून राहिलो ना, तो कुण्या अडाण्यानं केलेला न्हाई. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पंप शिकवलेल्या माणसानं केलाय. म्हणजे मी!

आमच्या लातुरात नळाला रोज पाणी येत नसतं, हे काय तुम्हाला नव्यानं सांगायचं? आमच्या गल्लीला आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसही लागतात. वेळेचा पत्ता नसतो. म्हणून गल्लीचा एक रिवाज आहे. ज्याच्या नळाला आधी पाणी दिसेल, त्यानं रस्त्यावर येऊन ओरडायचं, "नळ आलेऽऽ!"

हे काम सुमनचं होतं. सुमन म्हणजे आमची मंडळी. नुसतं ओरडून तिचं भागायचं न्हाई, घराघरांच्या बेला दाबत फिरायची. कुणाचा हौद कोरडा राहिला तर हिचा जीव खालीवर. मी म्हणायचो, "अगं, आपला पाईप लावलास का आधी?" तर म्हणायची, "तुम्ही काय करून राहिले मग घरात?"

दोन वर्षं झाली तिला जाऊन. मुलगी हैदराबादला, रविवारी फोन करते. घरात मी, कूलर आणि भिंतीवरची पाल. आमच्या फाटकाची बेल वाजायची बंदच झाली. खोटं न्हाई सांगत, एकदा मीच बाहेर जाऊन बटण दाबून बघितलं, बिघडली की काय म्हणून. चांगली टिंगटाँग वाजली. बेल ठणठणीत होती हो, माणूसच येत नव्हतं.

लई वाईट वाटलं त्या दिवशी. पायरीवर बसून राहिलो. आणि तिथं बसल्या बसल्याच डोक्यात ते खूळ शिरलं.

सुमन ओरडायची म्हणून गल्ली आमच्या दाराशी असायची. मग मी का ओरडू नये? पण नळापाशी दिवसभर बसून राहणं हे काही पंपाच्या मास्तरला शोभत न्हाई. मास्तर मशीन बनवणार!

माळ्यावर एक भंगार पाण्याचं मीटर पडलं होतं. ते खोललं. पितळेचं गोल घर, पाणी एका बाजूनं घुसणार, पंख्याला ढकलणार, दुसऱ्या बाजूनं निघणार. एवढंच असतं हो मीटर. पंखा किती फिरला ते मोजायचं, की पाणी किती गेलं ते कळतं. मी आतला जुनाट पंखा फेकला आणि नवा केला. आठ पाकळ्यांचा, पातळ प्लास्टिकचा. आस घासून सुईच्या टोकासारखा केला. एका पाकळीला मसुराच्या डाळीएवढं चुंबक चिकटवलं. पंखा फिरला की चुंबक फिरणार, बाहेरच्या स्विचला खेचणार आणि बेल वाजणार.

बेल कुठून आणली? फाटकाची काढली! नाहीतरी तिथं वाजवायला येत कोण होतं?

पंधरा दिवस लागले. शेवटी असा हलका पंखा झाला, असा हलका, की नुसती फुंकर मारली तरी गरगर फिरायचा. हे नीट ध्यानात ठेवा. मी ठेवलं न्हाई!

मीटर नळाच्या लाईनीत बसवलं आणि वाट बघत बसलो. चौथ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना टिंगटाँग, टिंगटाँग, टिंगटाँग! आधी वाटलं फाटकाशी कुणी आलं. तोंडाला साबण तसाच, धावत फाटकापर्यंत गेलो. मग आठवलं. मग गल्लीत जाऊन असा ओरडलो की झाडावरची पाखरं उडाली.

"नळ आलेऽऽ!"

आणि दहा मिनिटांनी खरंच पाणी आलं! कुणाच्याही आधी मला कळलं होतं!

शेजारच्या कौसरभाभी कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "सर, तुम्हाला कसं काय समजलं? स्वप्न पडलं का?"

"स्वप्न न्हाई भाभी, इंजिनिअरिंग!"

संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या अंगणात. मी दुसरा एक पंखा सुईवर लावून सगळ्यांना दाखवला. फुंकर मारायचो, तो गरगर फिरायचा, लोक वा वा करायचे. समोरचे बिराजदार, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, त्यांनी तर स्वतः तीनदा फुंकर मारली. "मास्तर, डोकं हाय तुमचं! अरे, हवेनं फिरून राहिलाय की!"

बघा! तो माणूस तोंडावर सांगून राहिला होता, हवेनं फिरतो म्हणून. आणि मी काय केलं? मान डोलावली! "आहे की न्हाई कमाल?" म्हणालो. दुसऱ्या दिवशी बाजारातून सहा कप आणले. घरात दोनच उरले होते ना.

ते दिवस फार छान गेले, खरं सांगतो. येता जाता लोक फाटकातून विचारायचे, "सर, वाजलं का?" मी म्हणायचो, "अजून न्हाई, पण या की, चहा टाकतो." कुणी ना कुणी यायचं. कूलरचा आवाज पण मला त्या दिवसांत कमी वाटायचा.

मग पुढच्या आठवड्यात भर अकराला टिंगटाँग! मी ओरडलो. कौसरभाभी गॅसवरची फोडणी सोडून पाईप घेऊन पळाल्या. बिराजदार केस काळे करून घेत होते, अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं, तसेच नळापाशी उकिडवे बसले. सगळे टक लावून नळाकडं बघून राहिले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. अर्धा तास. नळ ठण्ण कोरडा!

"येईल," मी म्हणालो. "मशीन खोटं बोलत नसतं."

भाभींची फोडणी जळाली. बिराजदारांचा कलप अर्ध्या डोक्यावर वाळला. पाणी काही आलं न्हाई.

एकदा झालं तर चालतं. पण दोन दिवसांनी परत! आणि कधी? बिराजदारांच्या पोरीला बघायला उदगीरची मंडळी येऊन बसली होती तेव्हा! पोहे हातात, नवरदेवाचे मामा "तुमचं शिक्षण किती" एवढं विचारून राहिलेत, आणि मी बाहेरून बोंबललो, "नळ आलेऽऽ!" बिराजदार पाव्हण्यांना तसंच टाकून उठले! त्यांनी नळाला डायरेक्ट पाणी खेचायची टिल्लू मोटर लावलेली. तशी लावू नये, मी त्यांना शंभरदा सांगितलंय, पण ऐकतंय कोण. पाण्याचा एक थेंब येण्याआधीच त्यांनी बटण दाबलं. मोटर कोरडीच कोकलत राहिली आणि शेवटी धूर सोडून गप झाली.

पाव्हणे धूर बघून उठलेच. मामा म्हणे, "घरात आग लागली का?"

बिराजदारांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी चपला शोधायला लागलो. पंप कोरडा चालवू नये, हा माझ्या पहिल्या तासाचा पहिला धडा होता. कोरडा चालवणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायचो!

आता माझी चूक असेल, असं माझ्या डोक्यात तरी आलं का? नाव घेऊ नका! मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे. पाणी येऊन राहिलंय आणि तो पाणी सोडणारा व्हॉल्व्हवाला मधेच बंद करून राहिलाय! चला, जाब विचारू!"

निघाली वरात. पुढं मी, हातात पंखा. मागं भाभी, बिराजदार आणि आठ-दहा जण. व्हॉल्व्हवाला हणमंत गावच्या पाण्याच्या टाकीखाली सावलीत बसून भाकर खाऊन राहिला होता. मला बघून उठला आणि आधी पाया पडला. माझाच विद्यार्थी निघाला की! चाळिशीला आलेला, कानशिलं पांढरी झालेली.

"सर, तुम्ही? या की, बसा."

"बसायला आलो न्हाई! आमचं पाणी मधेच का तोडतोस? माझं मशीन वाजतं आणि पाणी येत न्हाई, ह्याचा अर्थ काय?"

त्यानं पंखा हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. आणि त्यानं काय केलं असेल? हळूच फुंकर मारली! पंखा गरगर फिरला.

"सर," तो खाली मान घालून म्हणाला, "पलीकडच्या भागाला पाणी सोडलं की तुमच्या रिकाम्या लाईनीतली हवा ढकलली जाते. ती ह्यातनं जात असंल."

मी पंखा त्याच्या हातातनं परत घेतला.

"तुम्हीच शिकवलं होतं न्हवं? मीटरच्या पंख्याला पाणी अन् हवा यातलं काही समजत न्हाई, जे ढकलंल त्यानं तो फिरतो. फळ्यावर लिवून घेतलं होतं तुम्ही. मला त्यावर पाचपैकी पाच मार्क दिले होते."

गल्ली जी हसली म्हणता! भाभी पदर तोंडाला लावून हसल्या. बिराजदार तर रस्त्यावर बसून हसले, मोटर जळालेली असून! हणमंत तेवढा हसला न्हाई. त्याचं मला जास्त लागलं.

घरी आलो, बेलची तार ओढून तोडली आणि फाटकाला आतनं कुलूप लावलं. कुणाला तोंड दाखवायचं न्हाई, ठरवलं. आता तुम्हीच सांगा, मशीनवर राग काढून काय मिळणार होतं? पण मी रुसलो. चौसष्टाव्या वर्षी, एकटा माणूस, कुणावर रुसला हेही कुणाला माहीत न्हाई, असा रुसलो. सहा कप फळीवर पालथे घातले. चहासुद्धा स्वतःपुरताच, जुन्या कपात.

तिसऱ्या दिवशी दुपारी कूलर लावून झोपलो. पाचला उठून तोंड धुवायला गेलो, तर टाकीतनं चार थेंब आले आणि संपलं. हौदात बघितलं, तळाचा गाळ दिसला. बाहेर बघतो तर काय! गल्ली ओली! भाभींच्या ओट्यावरून पाणी ओघळून राहिलेलं, बिराजदारांची स्कूटर धुऊन चकचकीत!

पाणी येऊन गेलं होतं. सगळ्यांचं भरलं होतं. एकट्या माझं न्हाई.

काय सांगू! पाण्याचं सोडा हो. पण कुणाला माझी आठवण झाली न्हाई? एकालाही? सुमन असती तर असं झालं असतं का? भिंतीवरूनच ओरडलो, "भाभी! तुम्ही तरी सांगायचं होतं! एक हाक मारता आली न्हाई?"

भाभी तरातरा भिंतीपाशी आल्या. "या अल्ला! सर, चारदा बटन दाबलं तुमचं! चार! बिराजदारभाऊंनी पण दाबलं. फाटकाला कुलूप, बेल वाजून न्हाई राहिली. हाका मारल्या तर तुमचा कूलर हेलिकॉप्टरसारखा! आम्हाला वाटलं, सर कूलर बंद करायला विसरून लेकीकडं गेले."

आली का ध्यानात गंमत? दोन वर्षं ज्या बेलची वाट बघत बसलो, ती दाबायला माणसं आली, एक सोडून दोन आली, आणि बेल मीच काढून नळाला बांधली होती! वर तारही मीच तोडली होती!

पुढचा आठवडा मी घागर घेऊन घरोघर फिरलो. आज भाभींकडं, उद्या बिराजदारांकडं. आणि नुसती घागर कोण भरून देतं? "बसा सर, चहा घ्या." "मास्तर, थालीपीठ गरम हाय." बिराजदारांची नवी मोटर मीच बसवून दिली. उदगीरची मंडळी परत येणार होती, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. म्हणाले, "मास्तर, घरातच येऊन बसा, म्हंजी बाहेरनं वरडणार न्हाईत." आठ दिवसांत जेवढं बोललो, तेवढं दोन वर्षांत बोललो नव्हतो.

मग पाणी आलं. बेल मी परत फाटकाला लावली होती. ती अशी वाजली, अशी वाजली, की बटण जळतंय का काय वाटलं. "सर, नळ आले!" "मास्तर, उठा, नळ आले!" हौद काठोकाठ भरला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं माहितीय? मला काही सुचेना. घर भरलेलं, पाणी भरपूर, कुठं जायचं कारणच उरलं न्हाई. टाकी भरायला मोटर चालू केली, जरा येरझाऱ्या घातल्या आणि मग घागर उचलून गेलो भाभींकडं.

"भाभी, एक घागर मिळंल का? आमचा हौद गळून राहिला हो."

"हौ, घ्या की. बसा आधी." त्या चहाचं आधण ठेवायला वळल्या आणि थबकल्या. भिंतीच्या वर बघून राहिल्या. मी पण बघितलं. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहून राहिली होती. धो धो! पाणी भिंतीवरून उतरून थेट भाभींच्या अंगणात, माझ्या चपलांपर्यंत आलेलं. लातुरात! चांगलं गोडं पाणी! पंपाचा मास्तर मोटर बंद करायला विसरला होता!

भाभींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, आधी मोटर बंद करून या. अन् ती घागर घरीच ठेवून या. चहाला यायला घागर लागत नसती."

मी पळालो. मोटर बंद केली. तसाच पळत परत आलो, भाभींच्या ओट्यावर येऊन बसलो, कप घ्यायला हात पुढं केला, तर हातात घागर!