मावशीच्या खाडीचा गेम

चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळाशी मावशी नुसता तळपाय टेकवायची आणि सांगायची, आत चिंबोरी आहे की बीळ रिकामं. कधी चुकायची नाही. तळोज्याच्या अलीकडे, खाडीकाठी तिचं गाव. सगळं गाव तिला मावशी म्हणे, म्हणून मीही.

मी कामोठ्यात राहते, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. शाळकरी मुलांना खाडीचं प्रदूषण समजावं म्हणून आम्ही एक गेम करत होतो. खाडी दाखवायला कोणीतरी हवं होतं, ती मावशी मिळाली. पहिल्याच दिवशी माझे बूट बघून हसली. "बाय, खाडी शिकाची हाय ना? मंग ते काढ आधी." पुढे महिनाभर ओहोटीच्या वेळी मी तिच्यामागे अनवाणी हिंडले.

काहीही विचारलं की "चल, दावते" म्हणून ती निघायचीच. तशीच एकदा ती मला एका पाइपापाशी घेऊन गेली. त्यातून कारखान्याचं तांबूस, फेसाळ पाणी खाडीत पडत होतं. आसपास एकही बीळ नव्हतं. "हा तुझ्या गेममधी घाल. पोरांना कलू दे." मी शब्द दिला. पाइप घातलाही. गेममध्ये तो बंद केला की चिंबोऱ्या परत यायच्या.

पण गेमचा खर्च एक रसायन कंपनी करत होती. त्यांचे साहेब म्हणाले, "पाइप फार निगेटिव्ह वाटतो हो. लोकांच्या सवयी दाखवा ना." मी मान डोलावली. पाइप काढून तिथे लुगडं नेसलेली, काठावरून कचऱ्याच्या पिशव्या फेकणारी बाई घातली. ती खरी वाटावी म्हणून तिला मावशीची चाल दिली. असं करायला मात्र मला कोणीच सांगितलं नव्हतं.

गेम पहिल्यांदा दाखवला तो मावशीच्याच गावच्या शाळेत. ती नवं लुगडं नेसून आली होती. पाचवीतली तिची नात खेळायला बसली. बाईला पकडलं की गुण मिळायचे. "पकड, पकड तिला!" पोरं ओरडत होती. नातीचा हात थांबला. "आजी, ही तू हाय?" वर्गात हशा पिकला.

मावशी माझ्याकडे वळली. "आमी कचरा टाकतो?"

"मावशी, गेम आहे तो फक्त," मी म्हणाले. आजही हे वाक्य आठवलं की मान खाली जाते. मावशीने नातीचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन निघून गेली.

दोन महिन्यांनी धीर करून तिच्या घरी गेले. तिने चटई टाकली, चहा दिला. मी माफी मागितली.

"माझी कशाला? शालेत जा. पोरांना सांग, मी खोटं दावलं म्हनून."

"जाते, मावशी," मी म्हणाले.

गेल्या वर्षी मावशी वारली. तो गेम मुलांना अजून आवडतो. पर्यावरण दिन आला की त्याच शाळेतून फोन येतो, मॅडम, पाहुण्या म्हणून याल का? दर वेळी मी काहीतरी कारण सांगते.