अव्वा, दार उघड की

गेल्या नवरात्रात मी अंबाबाईशी भांडले. मनातल्या मनात नव्हे, चांगली तोंडाने. देवळाच्या आवारात दीपमाळेपाशी उभी राहून, येणारी-जाणारी माणसं बघत असताना. दर्शन न घेता तशीच परत फिरले. देवावर इतकं चिडलेल्या बाईला अनुभव लिहायचा काय अधिकार, असं कुणी विचारेलही. जे घडलं ते सांगते.

मी गाणी रचते आणि गाते. बहुतेक देवीचीच. माझं माहेर गडहिंग्लजचं, घर लिंगायत. आमच्या घरात एका वाक्यात मराठी सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं. आई म्हणजे अव्वा. तिची बसस्टँडजवळ छोटी खानावळ होती. दिवसभर भाकऱ्या थापून ती संध्याकाळी तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या दारात जायची आणि कडी वाजवत ओरडायची, “अव्वा, दार उघड की, दमून आलो हाय!” आमच्याकडे बायकाही ‘आलो’, ‘गेलो’ असंच म्हणतात. लिहायला शाळेने शिकवलं म्हणून कागदावर मी ‘आले’ लिहिते, पण जिभेवर ‘आलो’च येतं. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर मला माहेरची फार आठवण यायची. त्या आठवणीत आईची हीच हाक घेऊन मी देवीचं गाणं केलं:

अव्वा, दार उघड की, दमून आलो हाय,
तुझ्या उंबऱ्याबिगर मला बसाया जागा न्हाय.

हे गाणं मी हळदीकुंकवाला गायले, डोहाळजेवणात गायले, गल्लीतल्या मंडळांच्या स्टेजवर गायले. कुणीतरी कॅसेट काढली, पुढे ते मोबाईलवर फिरू लागलं. एवढ्या वर्षांत मला एकच सल्ला पुन्हा पुन्हा मिळाला: आवाज छान आहे, भाषेवर जरा काम करा. जणू माझी भाषा म्हणजे गळकं छप्पर. आवाज देवाने दिला म्हणायचा आणि भाषा काय मी उकिरड्यावरून उचलून आणली? मी ऐकून घेत गेले. बोलावणी येत होती, गाणं चालू होतं.

गेल्या वर्षी शहरातल्या एका मंडळाने नवरात्राच्या कार्यक्रमात हेच गाणं म्हणायला बोलावलं. तालमीला गेले. त्यांचे कार्यवाह फार गोड बोलणारे गृहस्थ.

“ताई, चाल अप्रतिम. फक्त देवीसमोर हाय-न्हाय बरं दिसत नाही. आणि तुम्ही बाई असून ‘आलो’ कसं म्हणता?”

“आमच्याकडं बायका असंच म्हंत्यात. देवीला म्हाईत हाय ते.”

“श्रोत्यांना माहीत नाही ना,” ते हसून म्हणाले आणि त्यांनी सुधारलेलं गाणं वाचून दाखवलं. “माते, द्वार उघड ना, थकून आले आहे, तुझ्या उंबऱ्याविना मला बसण्या जागा नाही.” गाण्यातली आई गेली होती, दारावरची कडी गेली होती, यमकसुद्धा गेलं होतं. थकून दारात उभी राहिलेली बाई ‘द्वार’ म्हणते का? मी म्हणाले, असं मी गाणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे.

ठीक आहे याचा अर्थ मला कार्यक्रमाच्या दिवशी कळला. गायला बोलावतील म्हणून मी लोकांत बसले होते. स्टेजवर दुसऱ्याच गायिका आल्या, आणि निवेदक म्हणाले, “आता एक पारंपरिक देवीगीत. रचनाकार अज्ञात.” गायिकांनी सुरू केलं, “माते, द्वार उघड ना...” मी तिथे बसले होते! जिवंत, रेशमी साडी नेसून! मी उभी राहून ओरडले, “अज्ञात कोण? मी रचलंय ते!” दोन स्वयंसेवक धावत आले. “मावशी, बसून घ्या,” म्हणत त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. पाठीमागे माझी चाल चालूच होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तिथून मी तडक देवळात गेले. दीपमाळेपाशी उभी राहून म्हणाले, “तुला हाय-न्हाय चालत न्हवतं, तर आजपतूर ऐकलंस कशाला? आता त्यास्नीच सांग गायला. मी न्हाय गाणार.” खरोखरच गाणं बंद केलं. घरात गुणगुणणंही सोडलं. बोलावणी आली ती परत पाठवली.

हिवाळ्यात भावाचा फोन आला. अव्वाला अर्धांगाचा झटका आला होता. तिला कोल्हापुरात दवाखान्यात आणलं. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. तपासणीसाठी गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं, तेव्हा तिने डाव्या हाताने ते घट्ट धरलं. सोडा म्हणायलाही तिच्याकडे शब्द नव्हता, नको म्हणायलाही नव्हता. शेवटी मी ते माझ्या मुठीत घेतलं आणि ती परत येईपर्यंत मूठ उघडली नाही. आख्ख्या खानावळीला ऐकू जाईल असं ओरडणारी माझी आई नुसती ओठ हलवत होती, आणि काही उमटत नाही हे कळून रागाने भिंतीकडे तोंड करत होती. त्या भिंतीकडे बघत मी पुन्हा देवीशी भांडले. माझी भाषा त्यांनी घेतली, हिची तू घेतलीस. आता तरी तुझं पोट भरलं का?

शेजारच्या खाटेवर कुरुंदवाडची एक म्हातारी होती. पाय मोडला होता, पण तोंड दिवसभर चालू. “पावणं, म्हातारी बोलत न्हाय व्हय?” असं तिने पहिल्याच दिवशी मोठ्यांदा विचारलं होतं, आणि मला तिचाही राग आला होता. एका दुपारी जेवणं झाल्यावर ती केस विंचरत बसली आणि बेसूर, खणखणीत आवाजात गाऊ लागली. “अव्वा, दार उघड की...” माझं गाणं. जसंच्या तसं. पुढे तर मी न रचलेलं कडवंही आलं, नदीच्या पुराचं. पाणी दाराला लागलंय, तरी तुझा दिवा जळतो हाय, असं काहीतरी. माझं डोकं फिरलं. आता इथेही? हे गाणं माझं आहे, हे सांगायला मी तिच्याकडे वळले, आणि पाठीमागून आवाज आला.

“...हाय.”

मी मागे बघितलं. अव्वाचे डोळे मिटलेले होते. म्हातारीने पुढची ओळ उचलली, “बसाया जागा...” आणि अव्वा म्हणाली, “न्हाय.” स्पष्ट. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी अव्वा अर्धी ओळ म्हणाली. तिसऱ्या खेपेला मीही म्हणू लागले. एवढ्या महिन्यांत मी गायले नव्हते, आवाज फाटत होता, रडू आवरत नव्हतं. नर्सबाई दारात थांबून बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी. बोलणं जातं पण गाणं राहतं, मेंदूत त्यांच्या वाटा वेगळ्या असतात. गात राहा, उपयोग होईल. त्यांचं म्हणणं खरंच असणार, मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी गाणं बंद करून बसले होते, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून माझ्या आईच्या खाटेपर्यंत चालत आलं.

“कुठं ऐकलंसा हे गाणं?” मी म्हातारीला विचारलं.

“ऐकायचं काय त्येत? आमच्याकडं समद्या म्हंत्यात. लई जुनं हाय.”

तेच, जे त्या निवेदकाने स्टेजवरून म्हटलं होतं. पण या वेळी मला उलट हसू आलं. तिला माझं नाव ठाऊक नव्हतं, तरी माझा शब्द न् शब्द तिने सांभाळला होता. त्यांना नाव ठाऊक होतं, आणि त्यांनी नावही पुसलं, शब्दही. मी म्हातारीला काही सांगितलं नाही. तिचं पुराचं कडवं मात्र तिच्याकडून पाठ करून घेतलं. आता गाताना ते तिच्या गावाचं म्हणून सांगते.

राग गेला, असं मी लिहिणार नाही. यंदा त्याच कार्यवाहांचा फोन आला. ते पारंपरिक गीत पूर्ण मिळेल का, कडवी कमी पडतायत. मी म्हणाले, “पारंपरिक न्हाय ते. रचणारी जित्ती हाय. हाय-न्हायसकट आणि नाव घेऊन म्हणणार असशीला तर म्हणा.” त्यांनी फोन ठेवला. शरण जायचं म्हणजे असल्या माणसांपुढे मान तुकवायची, असं मला आजही वाटत नाही. मी शरण गेले ते एवढ्यापुरतंच, की गाणं कुणाच्या दाराला जाऊन थांबेल हे आता मी ठरवत नाही. ते ठरवणारी वेगळी आहे, आणि तिला माझी बोली चांगली समजते. मी देवळात जाऊन तिला तसं सांगितलं. माफी मागितली नाही. तिनेही मागितलेली दिसली नाही.

अव्वा आता माझ्याकडेच असते. साधं बोलणं अजून येत नाही, पण चालीत घातलं की शब्द निघतो. म्हणून रोज सकाळी मी तिच्यासाठी गाणी रचते. पाण्याचं, अंघोळीचं, कुशीवर वळायचं. इतकी वर्षं गाणी केली, पण एवढं मन लावून मी कधी रचलं नव्हतं. काल दुपारी तिने मलाच अव्वा म्हणत चालीत हाक मारली, “अव्वा, मज्जिगी कोड की,” म्हणजे ताक दे. मी पेला तिच्या ओठाला लावला. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मी न शिकवलेली, तिची स्वतःची ओळ गायली:

“मज्जिगी दिलीस खरं, त्येत मीठच न्हाय!”

मी मीठ आणायला उठले आणि स्वयंपाकघरातच देवीला हात जोडले.