मंग बाया लावा ना

आईच्या अंडाशयात कर्करोगाचा गोळा निघाला, तेव्हा मी नागपूरच्या प्रयोगशाळेत त्याच रोगावर काम करत होते. लोक म्हणाले, नशिबाचा खेळ. मला त्या नशिबाचा भयंकर राग आला होता आणि अजूनही आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोंढ्याहून मामा आले. काढलेला गोळा मागून घ्यायचा आणि गावी नेऊन पुरायचा, असं ते ठरवूनच आले होते. तो आमच्या प्रयोगशाळेला द्यावा, असं मी म्हणताच भडकले.

"मायच्या अंगावर प्रयोग करतेस का वं? अंगाचा तुकडा मातीलेच देवा लागते!"

"थांब ना दादा," आई म्हणाली. "काय करता वं तुम्ही त्या गोळ्याचं?"

आईनं जन्मभर लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, निंदण करून तण काढलं होतं, म्हणून मी तिच्याच भाषेत सांगितलं. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारीक रेणू असतात. 'वाढ, वाढ' असा निरोप निघाला की त्यातले काही तो वाटेतच अडवतात. या रोगात नेमके तेच कमी होतात.

"निंदणाऱ्या बाया आल्याच नाही, तं बांधीत काय होते?" मी विचारलं.

"करगा माजते." करगा म्हणजे धानासारखंच दिसणारं तण.

"तसंच."

"मंग बाया लावा ना परत!"

"तेच करून राहिलो. काचेच्या बशीत."

मग तिनं विचारलं, "मले आराम पडन त्यानं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण तिच्यासमोर माझं खोटं कधी टिकलं नव्हतं.

"नाही. तुले नाही. पुढं कोणाले तरी, पडला तं."

"मी कोणती माह्या बांधीत निंदत होतो?" ती म्हणाली आणि तिनं डॉक्टरांकडून संमतीचा कागद मागवला. मामांनी सवयीनं अंगठ्याची शाई पुढे केली. आईनं ती डबी बाजूला सारली, पेन घेतला आणि प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही सावकाश, पूर्ण केली.

वर्षभरानं आई गेली. आमच्या नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. तिची कोणती, हे मलाही ठाऊक नाही. रेणू परत दिले की काही बश्यांमधली वाढ मंदावते, काहींमध्ये ढिम्म फरक पडत नाही. आम्ही पुन्हा करतो.

आईच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माह्या बहिणीचा तो तुकडा कुठं हाय आता?"

"कामावर हाय," मी म्हटलं.