पटेलाचं इंजिन आणि शेजारची विहीर

मध्यभारत हे वेगळं राज्य होतं त्या दिवसांत मी सिंचाई खात्यात कारकून होतो. घर इंदूरला, नेमणूक बेटम्याजवळच्या एका तलावावर. उसाच्या पाण्याचा दर वाढल्याचा हुकूम गावात मीच वाचून दाखवला. त्या दिवसापासून मला कुणी बसायला खाटसुद्धा दिली नाही.

सगळ्यात जास्त ऊस गावच्या पटेलाचा. "बाबूजी, तुम्हारा पानी तुम्हीं पियो," म्हणाला आणि तलावातून येणारा आपला पाट त्यानं मातीनं बुजवला. मग विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. विहिरीच्या पाण्याला दर नव्हता, त्यामुळे इंजिन दिवसभर चालू.

त्याच्या बांधाला लागून एका विधवेचं शेत होतं. तिची बैलांची मोट. पटेलाच्या पाटातून झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं तिच्या विहिरीत उतरायचं. हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. आता पाट कोरडा आणि शेजारी इंजिनाचा उपसा. गहू ओंबीवर आला आणि तिची मोट चिखल घेऊन वर येऊ लागली.

तिनं हे सांगितल्यावर मी पटेलाकडे गेलो. म्हटलं, "गव्हाच्या पाण्याचा दर तर वाढलेला नाही. निदान तुमच्या गव्हाला पाट सोडा."

"मेरे कुएँ में किसका साझा है?"

"विहीर तुमची. खालचं पाणी तुमच्या एकट्याचं नाही."

"तो उसका भी भाव लगा दो."

 ओठावर आलेली शिवी गिळून मी परत फिरलो.

दोन दिवसांनी सकाळी तलावावरून येताना ती बाई इंजिनापाशी वाकलेली दिसली. तेलाच्या टाकीत ओंजळीनं वाळू घालत होती. तिनं मला पाहिलं आणि उरलेली वाळूही आत टाकली. मी वाट बदलली.

इंजिन बंद पडलं. मी रोज सकाळी त्याच वाटेनं येतो हे पटेलाला ठाऊक होतं; तो मला साक्षीला न्यायला आला.

"मैंने कुछ नहीं देखा," मी म्हणालो. मी खोटं बोलतोय हे त्याला कळलं होतं.

इंदूरहून मिस्त्री लवकर येईना, ऊस माना टाकू लागला. शेवटी पटेलानं वाढीव दराच्या अर्जावर सही करून कागद माझ्या अंगावर फेकला. पाट वाहिला. आठ-दहा दिवसांत तिच्या विहिरीत हातभर पाणी चढलं, पण तोवर अर्धा गहू वाळून गेला होता.

ती भेटली तेव्हा वाटलं, दोन शब्द बरे बोलेल.

"इंजन उने लगायो," ती म्हणाली, "पण भाव तो तमने बढ़ायो."

दर ठरवणारा मी नव्हतो. हुकूम मात्र मीच वाचला होता.