मॉनिटर धुरकट की सूनबाईंचे डोळे?

फोटो स्टुडिओत फोटोंपेक्षा बोलणीच जास्त साठतात. फोटो निदान डिलीट तरी करता येतात!

माझ्या सासरचा कोल्हापुरात, शाहूपुरीत स्टुडिओ आहे. लग्न होऊन सहा महिने झाले. मी फारसं बोलत नाही, त्यामुळं इथं सगळेजण माझ्यासमोर ट्रायपॉडसमोर बोलावं तसं मोकळेपणानं बोलतात. मी एडिटिंगचा कोर्स केलाय हे कळल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, माझ्यासमोरच नवऱ्याला सांगितलं, "बसू दे तिला सीझनभर खुर्चीवर. जमलं तर जमलं. न्हाईतर पेठ वडगावचा एडिटर हायच की!"

तेव्हापासून ती खुर्ची माझी. सीझनभर.

*

जुना कॉम्प्युटर उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून नवा आला, मोठ्या मॉनिटरसकट. आबांनी नारळ फोडला आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात हळदी-कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं.

मी पहिला फोटो उघडला. नवरा-नवरी पडद्याआड उभे असल्यासारखे दिसत होते.

"आबा, जरा धुरकट दिसतंय."

"नवीन हाय. हप्ताभर वापर, बसंल."

कोल्हापुरी चपलेचं ठीक आहे, मॉनिटर कुठं बसतो ते मला अजून कळलेलं नाही!

*

आठ दिवसांनी मी परत तेच म्हटलं. सासूबाईंनी गाजरं आणली. नवरा, संग्राम, मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा मी धडाधडा वाचली. डॉक्टर म्हणाले, "उत्तम! कशाला आलात?"

आबांनी डॉक्टरांनी दिलेला कागद हात लांब करून, मान मागं नेऊन वाचला आणि म्हणाले, "डॉक्टरचं मशीन जुनं असंल."

*

मग कॉम्प्युटरवाला आला. त्यानं केबल बदलली, दारापर्यंत मागं गेला, कमरेवर हात ठेवून बघितलं.

"वहिनी, झकास दिसतंय की!"

"जवळून बघा ना."

"एवढ्या जवळून कोण बघतंय?"

"मी. रोज आठ तास."

त्यानं खरोखर विचार केला. "मग जरा लांब बसा की!"

तो निघताना आबांनी त्याला अक्षरं मोठी करायला लावली. त्यानं दोन बटणं दाबली. आता अक्षरं मोठी झाली, आणि तीही धुरकट.

*

धुरकट दिसतं म्हणून मी प्रत्येक फोटोचा शार्पनेस वाढवत गेले. माझ्या डोळ्यांना बरं दिसेपर्यंत. गडमुडशिंगीच्या एका लग्नाचा अख्खा अल्बम असा झाला. छापून आला तेव्हा सगळं वऱ्हाड दगडात कोरल्यासारखं दिसत होतं. आबांनी चार पानं उलटली आणि माझ्याकडं न बघता संग्रामला म्हणाले, "वडगावला फोन लाव. सोमवारपासनं ये म्हणावं."

तेवढ्यात त्या लग्नातल्या नवरदेवाची आई अल्बम न्यायला आली. तिनं एकेक पान सावकाश बघितलं.

"अगं बाई! बोरमाळंचा मणी न मणी मोजता येतोय. आणि आमच्या जाऊबाईंच्या मिशा बी दिसत्यात. असंच ऱ्हाऊ दे हां, काय बदलू नका!"

अल्बम गेला. पण आबांनी वडगावचा सोमवार काही मागं घेतला नाही.

*

सलीमचाचा आमच्याकडं वर्षानुवर्षं फ्रेमिंग आणि लॅमिनेशन करतात. शुक्रवारी ते माझ्या मागं उभं राहून चहा पीत होते. अचानक कप ठेवला आणि मॉनिटरच्या कडेला नख लावलं.

"बेटी, ह्याला लॅमिनेशन हाय की!"

कंपनीचा प्लास्टिकचा पापुद्रा. कुणी काढलाच नव्हता! कसा काढणार? त्याच्यावर पूजेचं कुंकू होतं. रोज काच पुसतानाही तो कोपरा सगळ्यांनी भक्तिभावानं सोडला होता.

"काढायचं न्हाई," आबा म्हणाले. "कुंकू हाय त्येच्यावर. दसऱ्याला बघू."

चाचांनी वाद घातला नाही. कुंकवासकट पापुद्रा अलगद सोलला, काच लावून फ्रेम केला आणि आबांच्या खुर्चीमागं टांगला. आबांनी हात जोडले!

दुपारी एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ह्यो कुणाचा फोटो, पावणं?"

चाचा म्हणाले, "कॉम्प्युटरचा."

*

तरीही अक्षरांच्या कडा पसरलेल्याच होत्या. शनिवारी आबा जेवायला गेल्यावर मी सेटिंग उघडलं. अक्षरं मोठी करायच्या नादात कॉम्प्युटरवाल्यानं रिझोल्यूशनच निम्म्यावर आणलं होतं. मी ते मॉनिटरचं मूळचं केलं, आणि अक्षरांचा आकार तेवढा वेगळा वाढवला. पापणीचा केस न केस दिसायला लागला!

आबा परत आले. चाचा नमाजला गेलते, संग्राम ऑर्डरवर. दुकानात आम्ही दोघंच.

"आबा, बघता? आता एकदम शार्प दिसतंय."

"असलं-तसलं नको. माझा कुस्तीचा फोटो लाव."

काउंटरवर फोटो आहे, आबांनी जुन्या रोलवर काढलेला. एक पैलवान दुसऱ्याला उचलून आपटतोय. आबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, असला शार्प फोटो जिल्ह्यात दुसरा न्हाई. मी निगेटिव्हचं स्कॅन उघडलं आणि पडदाभर मोठं केलं.

दोन्ही पैलवान धुक्यात. मागं तिसऱ्या रांगेत एकजण शेंगा खात बसलेला. त्याच्या मांडीवरची टरफलं मोजता येत होती.

आबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. घातला. खुर्ची पुढं ओढून परत बघितलं.

"मॉनिटर परत बिघडला वाटतं."

"व्हय, आबा."

आबांनी पडद्यावरच्या टरफलांवरनं एकदा बोट फिरवलं. मग दाराकडं एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले,

"त्या वडगावच्याला येऊ नको म्हणून कळव. बाहेरचा माणूस कशाला हितं!"