अळवाखालची खडी

आमच्या नावडे गावात कंपनीवाल्यांनी सभा घेतली. एक इंजिनिअर मुलगी बोलत होती. एका खनिजाचे खडे म्हणे कारखान्याच्या पाण्यातले निकेलसारखे जड धातू धरून ठेवतात. तिच्या हातात बरणी होती. त्यातले राखाडी खडे मी लांबूनच ओळखले.

"पानी साफ झालं. मंग घान गेली कुठं?" मी विचारलं.

"खड्यांत बसते, काका."

"आनि खडे?"

"पिशव्यांत बंद करून सरकारी जागेत पुरतात."

"आमच्या वक्ताला आमच्या घरी यायचे."

लोक हसले. मी थट्टा करत नव्हतो.

लोखंडावर निकेलचा मुलामा चढवायच्या, प्लेटिंगच्या कारखान्यात मी हेच खडे टाकीत ओतायचो. शाळा चौथीपर्यंत, सांगतील तेवढं करायचं. सुपरवायझर म्हणाला, "झाडाला घेऊन जा, ओल धरतात." खोटं नव्हतं ते, पण कोऱ्या खड्यांपुरतं. कोऱ्या गोणी आणि टाकीतून काढलेल्या गोणी एकाच भिंतीला लावलेल्या असायच्या. त्यातल्या दोन मी सायकलवर आणल्या. कुठल्या, ते बघितलं नाही.

न्हाणीच्या पाण्यावर अळू लावायची आमच्याकडे घरोघर रीत. बायकोनं खडे त्या वाफ्यात पसरले. पानं सुपाएवढी झाली. "बघा, तुमच्या कंपनीनं कायतरी दिलं," म्हणायची.

गेल्या वर्षी किडन्या जाऊन ती गेली. कशानं, विचारलं तर डॉक्टर म्हणाला, वय झालं. वय माझं जास्त आहे.

सभेनंतर ती मुलगी मला म्हणाली, माती द्या, तपासते. कंपनीची माणसं, कंपनीची लॅब. माझा काय विश्वास बसेना. मी दोन पुड्या दिल्या. लाल दोऱ्याची अळवाखालची, पांढऱ्या दोऱ्याची देवळामागची. कुठली कुठची ते सांगितलं नाही. दोन्हींचा रिपोर्ट सारखाच आला, की समजायचं, मातीला हातसुद्धा लावला नाही.

पंधरा दिवसांनी ती स्वतः आली.

"पांढऱ्या दोऱ्याची माती ठीक आहे. लाल दोऱ्याच्या मातीत निकेल फार आहे, काका. कुठली ती?"

पोरगी खोटारडी निघाली असती तर बरं झालं असतं.

"परसातली. बायको तिथलं अळू खायची."

ती म्हणाली, "त्यानंच त्या गेल्या, असं मातीवरून सांगता येत नाही." असंच बोलतात हे लोक. तिनंच पुढं विचारलं, "तुम्हीपण खात होता ना?"

"माझा घसा खाजतो अळवानं. माझ्यासाठी ती वेगळं कालवण करायची."

तिथलं अळू जाळू नका, माती नाल्यात टाकू नका, दोन्ही गोणीत भरून ठेवा, आमची गाडी येईल, असं सांगून ती गेली. वर्षभर त्या वाफ्याला मी कोणाला हात लावू दिला नव्हता. सगळा मीच खणला, अळवाच्या कंदांसकट. पाच गोणी झाल्या. पडवीत उभ्या आहेत.

गाडी अजून आलेली नाही. सून म्हणते, "बाबा, टाका की नाल्यात." मी खाट गोणींपाशीच आणून टाकलीय.